चढवणीचा दिवस

आमच्या घरात एक सण असतो, तो कुठल्याही कॅलेंडरात छापलेला नाही. मे महिना सरत आला, त्र्यंबकच्या बाजूला दुपारचे ढग दिसायला लागले, की सासूबाई एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून जाहीर करतात, "उद्या चढवणी." मग त्या दिवशी घरातलं कुणी लग्नाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही, आणि पडलंच तर वरच्या मजल्यावर जाऊन पडतं.

आमचं घर नाशिकमध्ये नदीकाठच्या मळ्यात आहे. पुढच्या अंगाला उतार आणि उताराखाली गंगा. गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात. मागच्या अंगाला आमचा झेंडू आणि त्याच्या पलीकडे नवा रस्ता. घरचा धंदा फुलांचा. नवरा रोज सकाळी फुलं घेऊन बाजारात जातो, मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगच्या खात्यात जाते, आणि घर सासूबाई सांभाळतात. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे सुनांची तशीच रीत आहे.

चढवणी म्हणजे खालच्या मजल्यावरचं जे जे भिजून चालणार नाही ते सगळं वर चढवायचं. गव्हाच्या कोठ्या, डाळीचे डबे, झेंडूचं राखून ठेवलेलं बी, सातबाऱ्याची पेटी, गाद्या, देव्हारा, गेलेल्या माणसांचे फोटो. गॅसची शेगडीसुद्धा वर जाते. स्वयंपाक वर, जेवण वर, आणि खरी गंमत पुढेच आहे. एकदा सगळे वर गेले की दिवस मावळेपर्यंत कुणीही कशासाठीही खाली उतरायचं नाही. जे खाली राहिलं ते बुडालं असं समजायचं.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी ही सगळी माणसं मला वेडी वाटली. माझ्यावर तिखटामिठाची जबाबदारी होती. तिखट चढलं, मीठ खाली राहिलं. सासरे तेव्हा होते. मी दिलगिरीने म्हणाले, पटकन घेऊन येते. तर सासऱ्यांनी शांतपणे पापड मोडत सांगितलं, "मीठ वाहून गेलं, पोरी. आता ते भडोचला भेटल." त्यांच्या भूगोलाप्रमाणे सगळ्याच नद्या भडोचला जात होत्या. सगळ्यांनी अळणी खिचडी खाल्ली. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, आणि त्यानंतर आजवर मी मीठ विसरलेले नाही.

माझं माहेर सिन्नरच्या बाजूचं, कोरड्या अंगाचं. आमच्याकडे तयारी म्हणजे पाणी साठवणं. टँकर येणार म्हटलं की आई वाटी-चमच्यापर्यंत सगळी भांडी भरायची. हाताची ती सवय माझी अजून गेलेली नाही. दुसऱ्या वर्षीच्या चढवणीला मी पिण्याच्या पाण्याचे ड्रम भरून वर चढवले, तर आत्याबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "गंगेच्या काठाला ऱ्हाते आन् पानी चढवते! लय शानी हाय आमची सून!" पण पुढच्याच पुरात नळ बंद झाले, विहिरीत गाळ गेला, आणि चहूकडे पाणी असताना घोटभर पाणी फक्त माझ्या ड्रममध्ये होतं. तेव्हापासून ड्रम चढवणीत कायमचे आले. आत्याबाईंनी चूक कबूल वगैरे काही केली नाही. पुढच्या वर्षी स्वतः ड्रम घासून ठेवले, बस्स.

मी पाहिलेला तो पहिलाच पूर, तो आठवला की आजही अंगावर काटा येतो. नाशिककर पूर फुटात मोजत नाही, मारुतीच्या अंगावर मोजतो. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक पुलावर बघायला गर्दी करतात, कमरेला लागलं की दुकानदार माल हलवतात. आमच्या घराचा सगळा नियमही त्याच्याच अंगावर लिहिलेला. गुडघ्याला पाणी लागलं की खाली उरलंसुरलं धान्य हलवायचं, कमरेला लागलं की गुरं, छातीला लागलं की माणसं. सासरे सायकल मारत पुलावर जाऊन बघून यायचे. त्या दिवशी ते भिजून आले आणि दारातूनच म्हणाले, "छातीला." एवढा एकच शब्द. कुणी आरडाओरडा केला नाही. गुरं आधीच उंचावर बांधलेली होती. आम्ही रांगेने वर गेलो, जणू पंगतीलाच निघालो होतो.

वरच्या खिडकीतून मी पाहिलं आणि तोंडाचा आ मिटेना. नदी नव्हतीच ती. तांबडं, जाड पाणी, नजर जाईल तिथवर. मुळासकट उपटलेला उंबर लोळत लोळत चालला होता. कडब्याची एक गंजी तरंगत आली, तिच्यावर एक कोंबडी बसलेली, अगदी एसटीत जागा मिळाल्यासारखी निवांत. आणि आवाज. तो कानाला नाही, छातीला ऐकू येत होता. मी दुष्काळी भागातली पोर. एवढं पाणी एका जागी असू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

आत्याबाईंनी खिडकीत उभं राहून नदीची ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, सगळं पाण्यात सोडलं आणि लेकीला बोलावं तशा बोलल्या, "आली, बघितलं, ख्यालीखुशाली इचारली. आता माघारी जा बया." संध्याकाळी पाणी उतरायला लागलं. ओटीमुळे उतरलं असं मी म्हणत नाही. पण त्या बाईचं आणि त्या पाण्याचं ओळखीचं बोलणं चालू होतं, हे मी कानांनी ऐकलंय.

मग वर्षं गेली आणि आभाळाचा स्वभाव बदलला. सासरे गेले, गुरं गेली, त्यांच्या जागी मोटारसायकल आणि फवारणीचा पंप आला. पण मी सांगते ते आभाळाचं. पूर्वी पाऊस पावसाळ्यात यायचा, हा काही मोठा शोध नव्हे, पण आता तोही भरवसा राहिला नाही. एका मार्चमध्ये भर दुपारी गारा पडल्या, आणि अंगण असं पांढरं झालं की लेक फोटो काढायला पळाली आणि नवरा तिथंच खाली बसला, कारण शेवंती झोपली होती. एका एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की गुलाबाच्या कळ्या उमलायच्या आधीच कडेने जळाल्या. दिवाळीत पणत्या लावायच्या की पागोळ्यांखाली बादल्या, असा प्रश्न पडलेला मी पाहिलाय. दरवेळी मी रागावते, चिडते, हवामानाच्या बातम्यांना शिव्या देते, आणि मग मान वर करून बघते तर ते ढग असे रचलेले असतात की राग कुठे जातो ते कळत नाही.

पूर्वी चढवलेलं सामान दसऱ्याला खाली यायचं. हळूहळू त्यातलं बरंचसं खाली येईनासं झालं. "आता बारा महिने पावसाळाच," आत्याबाई म्हणाल्या, आणि कोठ्या वरच राहिल्या, लागेल तेवढंच खाली यायचं.

वर गेल्या नाहीत त्या फक्त आत्याबाई. त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना चहा पाजायचं आमंत्रण दिलं आणि विषय संपवला. घरात भिंतीला धरून त्या चालायच्या, पण जिना संपला. खालच्या खोलीत त्यांची खाट, खाटेशेजारी खुर्ची. गेल्या वर्षीच्या चढवणीला त्या पहिल्यांदाच खाली राहिल्या. आम्ही वर, त्या खाली. खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, "बी घेतलं का? पेटी घेतली का? मीठ घेतलं का गं?" मिठाचं शेवटी, मला ऐकू जाईल इतकं मोठ्याने.

त्यांचं ताट मी खाली नेऊन दिलं. चढवणीच्या दिवशी खाली उतरलेली मी पहिलीच. मला खिचडी गोड लागली नाही. खरा पूर आला तर या कशा वर जाणार, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. तो म्हणाला, "उचलून न्यायचं. मी आणि शेजारचा मिळून खुर्चीसकट नेऊ. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की मी बाजारातून निघतोच. छातीला लागेस्तोवर घरी." त्याचा बाजार नदीपाशी, मारुती त्याच्या डोळ्यासमोर. हिशोब बिनचूक होता. तरी मी महिनाभर रात्री कूस बदलत राहिले.

लेक इंजिनिअरिंगला आहे. तिने तिच्या पद्धतीची तयारी केली. एक लाल सॅक भरली, तिच्यात टॉर्च, पॉवर बँक, ओआरएसच्या पुड्या, आधार कार्डांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि एक शिट्टी. आत्याबाईंनी सॅक मांडीवर घेऊन एकेक वस्तू बाहेर काढली, जशी आहेराची पिशवी तपासतात तशी. "ही शिटी कशाला? मारुतीला बोलवायला?"

"आजी, कुठे अडकलो तर आवाज द्यायला."

"आवाज मला देवानं दिलाय की." हे मात्र खरं होतं. त्यांचा आवाज पलीकडच्या मळ्यातल्या माणसाला पंपाच्या आवाजावरून ऐकू जातो. तरी शिट्टी त्यांनी गळ्यात घालून बघितली आणि काढायला विसरल्या. मग ती तिथंच राहिली, मंगळसूत्र गेल्यापासून मोकळ्या असलेल्या गळ्यात.

याच पावसाळ्यात माझी आणि घरच्या मांजराची भांडणं सुरू झाली. आमचा जिना कडप्प्याचा, काळा कुळकुळीत, धूळ पडली की लगेच दिसते. मी रविवारचा पुसते. पण आठवड्याच्या मध्ये बघावं तर पायऱ्यांच्या कडांना धूळ आणि मधला भाग लख्ख, वर पॉलिश केल्यासारखा. मांजर लोळतं, दुसरं काय? मी त्याला झाडू घेऊन हाकललं. आत्याबाई खुर्चीतून म्हणाल्या, "नको मारू मुक्या जिवाला, लोळू दे." त्यांची नऊवारीही मागच्या बाजूने विरत चालली होती. मी ठिगळ लावता लावता चेष्टा केली, "आत्याबाई, बसून बसून खुर्ची झिजायची, तर लुगडंच झिजलं!" त्या हसल्या. फार हसल्या, असं आता वाटतं.

दसऱ्याच्या तोंडावरची गोष्ट. झेंडूचा हंगाम. मागचा वाफा असा फुलला होता की घरात भगवा उजेड पडायचा. नवरा फुलांचा पहिला तोडा घेऊन बाजारात गेला. मला सुट्टी होती, लेकही घरी होती. दुपारी आभाळ काळं नाही, जांभळं झालं. मी दारात उभी राहून पाहत होते, रस्त्यापलीकडच्या बंगल्यांवरून पावसाची भिंत चालत आली. थेंब दिसतच नव्हते. पत्र्याच्या शेडवर असा आवाज की शेजारी उभ्या लेकीचे ओठ हलताना दिसायचे, शब्द नाही. आयुष्यात मी असा पाऊस पाहिला नव्हता आणि, खोटं कशाला बोलू, दार लावून घ्यायचं सोडून मी तो बघत राहिले.

मग भानावर येऊन नवऱ्याला फोन लावला. तो ओरडून म्हणाला, "मारुतीच्या पावलांपाशीपण नाही पाणी! धरणातून सोडलंच नाही. हा नुसता इथला पाऊस आहे. बिनधास्त राहा!" माझा जीव भांड्यात पडला. नदीकडच्या दाराला आम्ही जूनमध्येच वाळूच्या गोण्या लावल्या होत्या. मी त्या एकदा बघून आले, सगळं ठाकठीक. आत्याबाई खाटेवरून उठून खुर्चीत येऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात मागच्या दाराखालून झेंडूचं एक फूल आत आलं.

घरंगळत आलं आणि फरशीच्या मध्यावर थांबलं. मला वाटलं वाऱ्याने आलं. मग दुसरं आलं. मग चार-पाच एकदम, आणि त्यांच्याखाली पाण्याची पातळ जीभ. मी बघतच राहिले. भगवी फुलं रांगेने घरात शिरत होती, आत्याबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन तिला वळसा घालत होती. इतकं सुंदर होतं ते की काय चाललंय हे कळायला मला वेळ लागला.

पूर मागून आला होता. नवा रस्ता आमच्या घरापेक्षा उंच बांधलाय आणि त्याच्या खालच्या नळ्या कचऱ्याने बुजलेल्या. वरच्या सगळ्या वस्तीचं पाणी रस्त्याच्या पाठीशी साठत गेलं आणि मग रस्त्यावरूनच आमच्या वाफ्यात उतरलं. पिढ्यानपिढ्या नदीकडे तोंड करून बसलेलं घर, आणि पाणी पाठीमागून. मारुतीला तरी हे कसं दिसणार? तो बिचारा त्याच्या जागी कोरडा उभा.

मागचं दार धाडकन उघडलं तेव्हा पाणी पोटरीला आलं. लेक फोन लावत होती, फोन लागत नव्हता. नवरा यायला निघाला असता तरी तोच रस्ता बुडालेला. शेजारी स्वतःच्या घरात अडकलेला. म्हणजे उचलणारं कुणी नाही, फक्त मी आणि ही पोर. आम्ही खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली आणि आत्याबाईंना जिन्यापर्यंत नेलं. वर उचलायला गेलो तर प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय काडकन मोडला. त्या पाण्यात बसल्या, आम्ही त्यांच्यावर. आत्याबाई अंगाने भरदार आहेत, उभं करतानाच आमची दमछाक झाली. पाणी गुडघ्याला. इतक्या वर्षांत आम्ही मीठ चढवलं, बी चढवलं, फोटोतली माणसं चढवली, आणि हे जिवंत माणूस खाली.

"खुर्ची सोडा," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी दोगी वर व्हा."

मी किंचाळले, "मी तुम्हाला सोडून जाणार नाही!"

"नाटकं नको करू. वाट दे मला. मधी उभी हाय तू."

मी बाजूला झाले. त्यांनी भिंत धरली, जिन्याकडे पाठ केली आणि पायरीवर बसल्या. काष्टा घट्ट खोचला. मग दोन्ही तळहात मागे, वरच्या पायरीवर टेकले, दात-ओठ खाल्ले आणि अंग उचलून वर बसल्या. पाय मागून ओढून घेतले. पुन्हा हात मागे. पुन्हा अंग वर. न बघता, न चाचपता. हात बरोबर पायरीच्या कडेवर पडत होते. तोंड पाण्याकडे. पाणी एक पायरी चढलं की त्याही एक पायरी चढायच्या, जसं काही दोघांचं ठरलेलं होतं. घाई नाही, गडबड नाही. मी आणि लेक त्यांच्या दोन्ही अंगांना हात पुढे करून नुसत्या उभ्या. आमच्या हातांचं काही कामच नव्हतं.

जिन्याच्या वळणावर त्यांनी मागे न बघता हात नेला आणि कोपऱ्यातलं घडी घातलेलं गोणपाट ओढून खाली घेतलं. त्यावर बसल्या. कोपऱ्यातून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले. कठड्याला एक प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, तिच्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि जुना चष्मा. ते सगळं तिथं होतं आणि आमच्यापैकी कुणी ते कधी पाहिलं नव्हतं. वळणाचा तो कोपरा अंधारा, आम्ही रोज धडधडत त्याच्यावरून जात होतो.

लेकीने विचारलं, "आजी, हे इथं कधी ठेवलं?"

"चढवनी झाली ना, तवापासून." त्यांना धाप लागली होती. "तुमी सगळे गेले का मी शिकायची. आदी एक पायरी. मंग दोन. लय दिस गेले इथवर यायला. उतरायला तर त्याहून जास्त."

"पण सांगायचं ना आम्हाला!" मी रडत होते की रागावले होते ते मलाच कळत नव्हतं.

"काय सांगायचं? तुमी सगळं चढवलं. मीच तेवढी खाली ऱ्हायले होते. म्हनलं, आपलं आपन चढावं." बाटलीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "आन् त्या मांजराला उगा मारलं तू."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आयुष्यात मी दोनदा अशी थक्क झालेय. एकदा ती गंगा पाहून आणि एकदा या वळणावर. पावसाची भिंत, तांबडा पूर, मार्चमधल्या गारा, सगळं त्या क्षणी माझ्या लेखी लहान झालं. रिकाम्या घरात, दुपारच्या वेळी, गुडघे गेलेली ही बाई एकटी पायऱ्या चढायला शिकत होती आणि संध्याकाळी आम्ही घरी यायच्या आत खुर्चीत जाऊन बसत होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी धरले. "सोड, दुखतात," त्या म्हणाल्या.

वर पोचल्यावर मी खिडकी उघडली. मळा नव्हता, वाफा नव्हता, सगळीकडे मळकं पाणी आणि त्यावर झेंडूच झेंडू. मी सवयीने देव्हाऱ्यातला नारळ आणि खण आणला, ओटीसाठी. आत्याबाईंनी खिडकीतून बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"ठेव परत."

"का?"

"ही गंगा नाय. ही कोन हाय, मी वळखत नाय हिला." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली. म्हणून मलाही वाटली. नदीशी बोलता येत होतं. हे पाणी कुठून आलं, कुणाच्या दारातून आलं, त्याला माघारी जा म्हणायचं तरी कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाऊस थांबला. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि नवऱ्याची हाक, "आई! आई!" तो खालच्या खोलीच्या खिडकीकडे बघून ओरडत होता, कारण आई त्याच खोलीत असते. त्याच्या आवाजाच्या ज्या चिरफळ्या उडालेल्या होत्या त्या मी जन्मात विसरणार नाही. आत्याबाईंना ओरडायला दम उरला नव्हता. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि अशी जोरात फुंकली की मी दचकले. नवऱ्याने वर पाहिलं. खिडकीत आई. तो तिथं चिखलात मटकन बसला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. खालच्या खोलीत घोटाभर चिखल आणि भिंतीवर चारी बाजूंनी एक भगवी रेघ, झेंडूच्या चिकटलेल्या पाकळ्यांची, कुणी तोरण लावावं तशी. नवरा आत जाऊन भिंतीपाशी उभा राहिला. रेघ आत्याबाईंच्या खाटेच्या बरीच वर होती, झोपलेल्या माणसाच्या वर, बसलेल्या माणसाच्या वर. त्याने रेघेला हात लावला, मग बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. नंतर त्याने विचारलं, "कसं नेलं तुम्ही आईला वर?"

"त्याच आम्हाला घेऊन गेल्या," मी म्हणाले. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

यंदाही चढवणी झाली. आता गोण्या दोन्ही दारांना आहेत. रस्त्याखालच्या नळ्या नवरा आणि शेजारी मे महिन्यातच मोकळ्या केल्या, आणि पाऊस लागला की मारुतीबरोबर त्या नळ्यांकडेही कुणीतरी नजर टाकून येतं. आत्याबाईंसाठी जिन्याला खालच्या उंचीवर एक नवीन दांडा बसवलाय. मांजराला माफी मिळालीय. सगळं सामान वर गेलं, बी, पेटी, ड्रम, मीठ. मग आत्याबाई जिन्यापाशी आल्या, पायरीवर बसल्या आणि शेजारची फरशी हाताने थोपटली.

"ये. बस."

"मी कशाला? माझे गुडघे चांगले आहेत, आत्याबाई."

"माझे बी व्हते."

मी बसले. जिन्याकडे पाठ, तोंड खालच्या खोलीकडे. त्यांनी सांगितलं तसे हात मागे टेकले. मनगटात कळ आली, अंग उचलेना, लेक वरून बघत हसत होती. त्या माझ्यासाठी थांबल्या. मग आम्ही दोघी शेजारी शेजारी वर सरकत गेलो आणि खालचं घर हळूहळू खाली गेलं, खाट, खिडकी, भिंतीवरची ती रेघ. ती आम्ही घासली तरी पूर्ण गेलेली नाही. वळणावर यंदा दोन गोणपाटं ठेवलेली होती.

"हितं दम खायचा," आत्याबाई म्हणाल्या.

मी दम खाल्ला.